दिवसा काढलेली रात्र

जुन्या जपानी पोस्टकार्डाचं वय काढायचं असेल तर आधी ते पालथं घालायचं. चित्राची बाजू भुलवते. पाठीवर टपालखात्याचे नियम उमटलेले असतात आणि ते कधी बदलले याच्या तारखा पक्क्या आहेत. पत्त्याच्या बाजूला मजकुरासाठी जागाच सोडलेली नसेल तर कार्ड मार्च १९०७ पर्यंतचं. एक तृतीयांश जागा मजकुराला दिली असेल तर १९०७ ते १९१८ मधलं. रेघ बरोबर मध्यावर आली की १९१८ नंतरचं. वरती उजवीकडून डावीकडे छापलेल्या 'युबिन हाकाकी'मध्ये शेवटून दुसरं अक्षर 'का' असेल तर १९३३च्या आधीचं, त्यालाच दोन बारीक फराटे देऊन 'गा' केला असेल तर नंतरचं. खासगी छापखान्यांना चित्रकार्डं काढायची मुभाच मुळी ऑक्टोबर १९००मध्ये मिळाली. त्यामुळे कोणी 'अठराशे नव्वदचं कार्ड' म्हणून काही दाखवायला आणलं, तर त्याला चहा पाजून परत पाठवायचं.

हे सगळं मी टोकियोतल्या कान्दा-जिंबोचोत शिकले. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला जपानी शिकून मोटारींच्या सुट्या भागांची मॅन्युअल्स भाषांतरित करण्यात माझी बरीच वर्षं गेली. अजूनही पोट त्याच्यावरच भरतं. पण आठवड्यातले काही दिवस जुन्या कागदांच्या एका दुकानात असते. दुकान म्हणजे एक अरुंद जिना, एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट आणि छताला टेकलेली खोकी. नकाशे, रेल्वेची वेळापत्रकं, काड्यापेट्यांची लेबलं, पोस्टकार्डं. परदेशी गिऱ्हाइकांसाठी जो माल इंटरनेटवर चढतो, त्याची इंग्रजी वर्णनं लिहायची हे माझं काम. प्रत्येक कार्डाचा एक तक्ता भरायचा: ठिकाण, काळ, प्रकाशक, छपाई, रंग, वापरलेलं की कोरं, कोपरे, डाग.

माल गावांच्या नावांनी लावलेला असतो. निक्को, हाकोने, क्योतो, नारा. टोकियोच्या खोक्यांमागे एक वेगळं खोकं आहे, त्यावर नुसतं 'योशिवारा'. मालकांनी ते माझ्यापुढे ठेवलं तेव्हा म्हणाले, "हा माल लवकर उठतो. वर्णनं तेवढी नीट हवीत." नीट म्हणजे काय, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

योशिवारा ही एदोची, म्हणजे जुन्या टोकियोची, सरकारमान्य वेश्यावस्ती. शोगुनच्या सरकारनं १६१७ साली शोजी जिन्एमोन नावाच्या माणसाला परवानगी दिली आणि निहोनबाशीच्या बाजूला बोरूच्या दलदलीत पहिली वस्ती उभी राहिली. शहर वाढलं तशी ती अगदी पोटाशी आली. लांब हलवण्याचा हुकूम निघतो न निघतो तोच १६५७च्या आगीत अर्धं एदो जळालं. मग वस्ती आसाकुसाच्या सेन्सोजी देवळामागच्या शेतांत गेली ती कायमची. चौकोनी जागा, सतराएक एकर. भोवती खंदक, आत-बाहेर करायला एकच मोठा दरवाजा. बायका दात काळे करायला जे पाणी लावत त्या रंगाचं पाणी म्हणून खंदकाला लोक 'ओहागुरो-दोबु' म्हणत. शिपाई दरवाजावर असे तो बाहेरच्यांना अडवण्यापेक्षा आतल्या बायका निसटू नयेत म्हणून. माझ्या हातातली कार्डं वस्तीच्या जवळपास साडेतीनशे वर्षांच्या अगदी शेपटाची आहेत.

कार्डांवर हा खंदक मला जवळजवळ कधीच दिसला नाही. दरवाजा मात्र पुष्कळदा दिसतो. लोखंडी खांब, त्यावर कमान, कमानीच्या माथ्यावर बाईचा पुतळा. त्यातून सरळ जाणारा नाकानोचो हा मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना चहाघरं, वसंतात मधोमध फुललेली चेरीची झाडं. ही झाडं तिथली नव्हेत. फुलायच्या बेतात असताना बाहेरून आणून लावायची, बांबूचं कुंपण घालायचं, कंदील टांगायचे आणि बहर सरला की उपटून न्यायची, असा दरसालचा रिवाज. रिकामा चौथरा दाखवणारं कार्ड कुणी कशाला छापेल? दाखवण्यासारखं तेवढं दाखवायचं, हे त्या वस्तीला फोटोग्राफरच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

छपाई बहुतेक कोलोटाइपची. काचेवर बायक्रोमेट घातलेला जिलेटिनचा थर द्यायचा, वर निगेटिव्ह ठेवून उजेडात धरायचं. जिथे उजेड जास्त लागेल तिथे थर कडक होतो आणि शाई धरतो. मऊ राहिलेला भाग पाणी धरतो आणि शाईला हटवतो. भिंगातून पाहिलं तर वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे ठिपके दिसत नाहीत, चेहऱ्यावरच्या जून कातडीसारख्या नाजूक सुरकुत्या दिसतात. हजारभर प्रती काढल्या की काच थकते. रंग नंतर हाताने भरायचे. पातळ ॲनिलिन रंग, कुंचला, रांगेनं बसलेली माणसं, एकेकाकडे एकेक रंग. योकोहामात हा धंदा जोरात होता, परदेशी प्रवाशांना रंगीत फोटो विकण्याची तिथली सवय जुनीच.

आमच्या खोक्यात एकाच काचेवरून निघालेली दोन कार्डं आहेत. चहाघरापुढे पाच बायका उभ्या, डावीकडून तिसरीनं छत्री धरलेली. एका कार्डावर तिचा किमोनो लाल आणि छत्री निळी. दुसऱ्यावर किमोनो जांभळा, छत्री कोरीच राहून गेलेली, आणि निळा रंग शेजारणीच्या गालावर ओघळलेला. म्हणजे पुरावा म्हणून या रंगांची किंमत शून्य. मी तक्त्यात 'हाताने रंगवलेलं' एवढंच लिहिते. 'लाल किमोनोतली सुंदरी' असं आधीच्या वर्णनकारानं लिहून ठेवलं होतं, ते खोडलं. लाल रंग त्या बाईचा नाहीच, योकोहामात बसून दिवसाकाठी गठ्ठे उपसणाऱ्या कुणाचा तरी आहे.

सगळ्यांत चढ्या भावानं जातात ती रात्रीची कार्डं. 'योशिवारा, रात्रीचा देखावा.' गडद निळं आकाश, छपरावर चंद्र, प्रत्येक खिडकीत पिवळा उजेड, कंदील पेटलेले. योशिवाराला रात्र नसलेलं शहर म्हणायचे, योकोहामातल्या जे. ई. डी बेकर या वकिलानं १८९९मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या जाडजूड पुस्तकाला हेच नाव दिलं. तेव्हा रात्रीचं चित्र हवंच, आणि त्या काळच्या कॅमेऱ्याला रस्त्यावरची रात्र पेलत नव्हती. त्यावर उपाय सोपा होता. दिवसा काढलेला फोटो निळा करायचा, खिडक्या पिवळ्या करायच्या आणि चंद्र आपल्या सोयीनं टाकायचा.

हे ओळखायला भिंगही लागत नाही, पायांकडे बघायचं. एका कार्डावर रस्त्यातल्या माणसांच्या सावल्या आखूड आणि काळ्याभोर पडल्यात, आणि चंद्राच्या दिशेनं पडल्यात. एक हातगाडीवाला टोपल्या घेऊन चाललाय. एक पोरगा रस्त्याच्या मधोमध उभा राहून कॅमेऱ्याकडे टकमक बघतोय. वरच्या मजल्याच्या कठड्यावर गाद्या उन्हात टाकल्यात, आणि रंगवणाऱ्यानं त्याच्या मागची खिडकी इमानेइतबारे पिवळी केलीय. रात्री कोण गाद्या वाळत घालतं? फोटो काढला तेव्हा सकाळ उलटून गेलेली असणार. रात्रीची गिऱ्हाइकं पहाटे गेली, बायका झोपल्या, मोलकरणींनी बिछाने उचलले, भाजी आली. या चित्रात योशिवाराची एकही बाई नाही आणि तरी तिच्या कामाचं याच्याइतकं खरं चित्र त्या खोक्यात दुसरं नाही. मी वर्णनात गाद्या लिहिल्या. मालक म्हणाले, "गाद्यांनी मोहिनी जाते." मी म्हटलं, दिसतात तर लिहायला नको का? गाद्या राहिल्या. कार्ड विकलंही गेलं.

जाळीची कार्डं वेगळी. घराच्या दर्शनी खोलीला रस्त्याच्या बाजूनं लाकडी गजांची जाळी आणि आत ओळीनं बसलेल्या बायका. गिऱ्हाईक रस्त्यावरून बघत जाणार आणि पसंत करणार. याला हारिमिसे म्हणत. तोंडाला पांढरा रंग, ओबीची, म्हणजे कमरेच्या पट्ट्याची, गाठ पुढे. गेइशांची गाठ मागे असते. त्यांचा परवाना निराळा, धंदा निराळा, आणि योशिवारात या दोहोंची गल्लत झालेली चालत नसे. तरी आमच्या दुकानात या प्रत्येक कार्डाच्या मथळ्यात 'गेइशा' हवंच, कारण जगभरातली गिऱ्हाइकं शोधताना तेच टाइप करतात. मथळा मालकांचा, खालचा मजकूर माझा, अशी आमची वाटणी ठरली आहे. मी खाली पहिल्याच वाक्यात ओबीची गाठ कुठे आहे ते लिहिते. समजणारे समजतात.

अशा एका कार्डावर मी बराच वेळ घालवला. आठ बायका, पुढ्यात तंबाखूच्या पेट्या. सात जणी अगदी रेखीव. चौथीचं मस्तक नुसतं पांढरट फराट्यासारखं उमटलंय. काच उघडी असताना ती हलली. कंटाळली असेल, आतून कुणी हाक मारली असेल, कॅमेरा नको वाटला असेल. कार्डावरून काही सांगता येत नाही. आमच्या तक्त्यात या प्रकाराला 'चित्र अंशतः अस्पष्ट' म्हणतात आणि किंमत एका पायरीनं उतरते. मी नियमाप्रमाणे तसं लिहिलं. त्यापुढे 'डावीकडून चौथी बाई हलली आहे' हेही लिहिलं, कारण फोटोग्राफरनं बसवल्याशिवाय घडलेली त्या चित्रातली ती एकच गोष्ट आहे.

१९१६ साली टोकियोत ही जाळीत बसवायची पद्धत बंद केली गेली. काही बड्या घरांनी ती आधीच सोडली होती. बंद झाल्यावर काय झालं, तर बायकांच्या जागी त्यांचे फोटो लागले. चौकटीत ओळीनं फोटो, गिऱ्हाईक पुन्हा बघत जाणार आणि पसंत करणार. हे वाचल्यापासून मला कार्डांकडे पूर्वीसारखं बघता येईना. तोवर मी त्यांना आठवणीदाखल नेलेल्या वस्तू समजत होते, हाकोनेच्या तळ्यासारख्या. पण फोटो हा त्या वस्तीत विक्रीचाच भाग होता. कार्ड म्हणजे दुकानाचा दर्शनी भाग, दीड सेनच्या तिकिटावर देशात कुठेही जाणारा. परदेशी पाठवायचं तर चार सेन.

बाई तिथे कशी यायची ते कार्डावर कुठून दिसणार? वडिलांच्या हाती आगाऊ रक्कम पडायची आणि मुलगी ती फेडेपर्यंत आत. १८७२ साली योकोहामा बंदरात 'मारिया लूझ' हे पेरूचं जहाज चिनी मजुरांना घेऊन आलं. हे मजूर म्हणजे गुलामच, म्हणून जपानी सरकारनं त्यांना सोडवलं. खटल्यात जहाजाच्या वकिलानं विचारलं, तुमच्याकडे मुली विकतात त्याचं काय? सरकार चपापलं आणि त्याच वर्षी मुक्तीचा हुकूम निघाला. त्यातला युक्तिवाद वाचून हसावं की काय करावं कळत नाही: या बायकांचे माणूस म्हणून हक्कच गेलेले आहेत, त्या गुराढोरांसारख्या आहेत, आणि गुराढोरांकडून कर्जाची वसुली मागता येत नाही. पुढे वर्षभरात घरं नव्या नावानं उघडली. कागदोपत्री ती आता 'भाड्याच्या खोल्या' होती आणि बाई स्वेच्छेनं भाडं भरून राहणारी. १९००च्या नियमांनी वयाची अट अठरा केली, धंदा सोडायचा हक्कही दिला. घेतलेली उचल तशीच राहिली. खासगी पोस्टकार्डांना परवानगी मिळाली ती त्याच साली, हा नुसता योगायोग. पण तक्ता भरताना दोन्ही गोष्टी शेजारी येतात.

एका कार्डानं मला थेट घराकडे आणून सोडलं. चित्र नाकानोचोचंच, अगदी सामान्य. पाठीवर चार सेनचं तिकीट, कोबेचा रोमन अक्षरांतला शिक्का आणि पत्ता मुंबईचा, एका जपानी कापूस पेढीचा. मजकूर एवढाच, की नमुने पोचले, गाठींचा दर पुढच्या बोटीनं कळवतो. चित्राबद्दल अवाक्षर नाही. टपालपेटीपाशी हाताला लागलं ते कार्ड घेतलं असणार. १८९३ साली निप्पोन युसेन कंपनीनं जमशेटजी टाटांच्या साथीनं कोबे-मुंबई बोटी सुरू केल्या त्या कापसासाठी. त्याच समुद्रमार्गांवर क्युशूच्या शिमाबारा आणि आमाकुसा भागांतल्या गरीब मुलीही बाहेर नेल्या गेल्या. सिंगापूर, रंगून करत काही मुंबईला पोचल्या, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कामाठीपुऱ्यात जपानी बायकांची घरं होती. जपानात यांना कारायुकी-सान म्हणतात. योशिवाराची निदान कार्डं छापली गेली. मुंबईतल्या या बायकांचं एखादं कार्ड मिळतं का म्हणून मी खोकी उलथीपालथी केली, दुसऱ्या दुकानांतही विचारलं. काही हाती लागलं नाही. कापसाच्या कार्डाचं वर्णन मी लांबलचक लिहिलं आणि मालकांनी निम्मं कापलं. टपालाचा इतिहास जमवणाऱ्यांना तिकीट आणि शिक्का पुरतो, असं त्यांचं म्हणणं. विक्रीच्या बाबतीत ते बरोबर ठरलं.

वस्तीच्या जागी मी जाऊन आले. आता पत्ता ताइतो वॉर्डातला सेन्झोकु भाग. दरवाजाकडे जाणारा रस्ता तेवढा अजून वळणावळणाचा, बाहेरून आतलं दिसू नये म्हणून मुद्दाम तसा ठेवलेला. परतताना गिऱ्हाईक जिथून मागे वळून बघायचं त्या जागी 'मागे वळून बघायचं' विलोचं झाड आहे, पुन्हा पुन्हा नव्यानं लावलेलं. वेश्याव्यवसायबंदीचा कायदा १९५६मध्ये झाला, १ एप्रिल १९५८पासून पूर्ण लागू झाला. गल्ल्यांत आज स्नानगृहांच्या पाट्यांखाली काय चालतं हे टोकियोत सगळ्यांना माहीत आहे. मिनोवाला जोकान्जी हे देऊळ आहे. वस्तीत मेलेल्या ज्या बायकांना विचारणारं कुणी नसे त्यांना तिथे आणून टाकत. पंचवीस हजार असा आकडा सांगतात.

२०२४मध्ये टोकियो कला विद्यापीठाच्या संग्रहालयात योशिवारावर मोठं प्रदर्शन भरलं. आधीची जाहिरात अशी गुलाबी आणि उत्सवी, की लोक भडकले आणि आयोजकांना खुलासा करावा लागला. पुढच्या वर्षी एनएचके वाहिनीच्या ऐतिहासिक मालिकेचा नायक होता योशिवारात जन्मलेला प्रकाशक त्सुताया जुझाबुरो. आमच्याकडे विचारणा एकदम वाढली. मालकांनी किमती वाढवल्या आणि मला सांगितलं, वर्णनात 'एदो संस्कृती' घाला. कोलोटाइपचं कार्ड, पाठीवर १९०७ नंतरची रेघ. एदो काळ १८६८ला संपला. मी नाही घातलं.

खोक्यात नसलेली काही कार्डं टेबलाच्या खणात असतात. ९ एप्रिल १९११ला योशिवारात आग लागली आणि वस्तीसकट आजूबाजूची हजारो घरं गेली. राखेची ती कार्डं खणातली नव्हेत, ती मी लिहिते. वस्ती पुन्हा बांधूच नका म्हणणारी काकुसेइकाइ ही संस्था त्याच वर्षी स्थापन झाली, तेही त्यांत लिहिते. खणातली आहेत ती १ सप्टेंबर १९२३च्या भूकंपानंतरची. आग लागल्यावर बायका वस्तीलगतच्या बेन्तेन तळ्याकडे धावल्या, एकमेकींवर पडल्या, बुडाल्या, भाजल्या. मृतांचा आकडा ४९० सांगतात. अकुतागावा र्युनोसुके आणि कावाबाता यासुनारी हे लेखक ते तळं बघायला गेले होते. फोटोग्राफरही गेले. पोलिसांनी बंदी घातली तरी ती कार्डं विकली गेली, आणि अजून बाजारात येतात.

मालक ती इंटरनेटवर टाकत नाहीत, फाडतही नाहीत. त्यांचं म्हणणं, एखादं संग्रहालय मागेल. वस्तू नष्ट करणं आपलं काम नव्हे. मला ते पटतं. पण ओळखीचे दोन-तीन जमवणारे दर महिन्याला येऊन "खणात काही नवीन?" असं हळूच विचारतात आणि त्यांना मालक खण उघडून दाखवतात, ते पटत नाही. मी एकदा तसं बोलले. ते म्हणाले, जाळीची कार्डं तुम्ही लिहिता, त्यात आणि यात फरक कुठे काढणार? मी म्हटलं, त्या आठ जणी जिवंत आहेत. त्यावर ते काही बोलले नाहीत. खणातल्या कार्डांचे तक्ते तेच भरतात.